एकाच ड्रममधलं ऑइल तिन्ही बोटींना चालेल का?

प्रश्न मालवणहून आलाय. घरात तीन बोटी आहेत. वडिलांचा ट्रॉलर, त्यात सहा सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन. पर्यटकांना फिरवायची फायबर बोट, तिला ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. आणि किनाऱ्यालगत जाळी टाकायला एक छोटी पात, तिला जुनं टू-स्ट्रोक. दुकानदाराचं म्हणणं, डिझेलच्या १५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा) चा एक मोठा ड्रम उचला, स्वस्त पडेल आणि तिन्हीकडे वापरता येईल. ट्रॉलरचं ऑइल प्रेशर हल्ली कमी दाखवतं म्हणून एका मेकॅनिकने २०डब्ल्यू-५० घालायला सांगितलंय. वर शेवटचा प्रश्न: सिंथेटिक घेतलं तर काही फरक पडेल का?

ड्रम जरूर घ्या, पण तो ट्रॉलरसाठी. पातीच्या इंजिनात त्यातला थेंबही जाऊ देऊ नका. फायबर बोटीला अडीनडीला चालेल, रोजच्या वापराला नाही. २०डब्ल्यू-५० सध्या थांबवा. आणि सिंथेटिकला जे जास्तीचे पैसे लागणार ते चांगल्या फिल्टरवर घाला.

आता कारणं. पातीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं तिथेच फुकट जातात.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, राहत नाही, ते पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून जातं. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धुवायला आणि आम्ल मारायला कॅल्शियम, मॅग्नेशियमची रसायनं भरलेली असतात. संपमध्ये ती उपयोगाची. जळाली की मात्र त्यांची राख होते. ती राख प्लगच्या टोकावर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. असा पिस्टन बाहेर काढला की मधोमध वितळून भोक पडलेलं दिसतं. मालक म्हणतो, "ऑइल तर भरपूर घातलं होतं!" भरपूर घातलं होतं हे खरंच असतं.

स्कूटर-बाइकचं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइलही याच कारणाने नको. ती इंजिनं हवेवर थंड होतात, सिलिंडर बराच गरम चालतो, आणि त्या गरमाईत स्वच्छ राहावं म्हणून त्या ऑइलमध्ये थोडी राख होणारी रसायनं चालवून घेतलेली असतात. आउटबोर्डच्या सिलिंडरभोवती समुद्राचं पाणी खेळत असतं. तो तितका तापतच नाही. मग रिंगा चिकटतात, प्लग वारंवार बसतो, कॉम्प्रेशन उतरतं. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलं ऑइल घ्या. अमेरिकेच्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा तो दर्जा आहे, पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच केलेला, आणि त्यात राख होणारी धातूची रसायनं नसतात. डब्यावर बोटीचं चित्र आहे एवढ्यावर जाऊ नका, ही अक्षरं शोधा.

प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असेल तेच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. काही मॉडेल्सना १००:१ चालतं, म्हणजे त्याच टाकीला पाव लिटर. "थोडं जास्त घातलेलं बरं" हा सल्ला बंदरावर फुकट मिळतो. त्याने नुकसान असं की ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, मिश्रण विरळ होतं, आणि वर धूर नि कार्बन. रिंगा बदललेलं किंवा नवं इंजिन असेल तर सुरुवातीच्या तासांपुरतं प्रमाण दुप्पट ठेवायला पुस्तक सांगतं. त्यानंतर नाही. तुमचं इंजिन रॉकेलवर चालणारं असेल तर पुस्तकात रॉकेलसाठी वेगळा तक्ता असतो, तो पाहा.

इथे एक गोष्ट हल्ली नव्याने डोकं खाते, ती म्हणजे पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आता सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात दमट हवेला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, तळाच्या थरात जवळजवळ उतरतच नाही. आणि इंधनाची नळी कुठून खेचते? तळातून. म्हणजे तुम्ही मोजून-मापून ऑइल घातलंय, आणि इंजिन मात्र सुकं चालतंय. यावर महागडं ऑइल हा उपाय नाही. मिश्रण लागेल तेवढंच करा, आठवडेच्या आठवडे ठेवू नका, टाकी बंद आणि शक्यतो भरलेली ठेवा, आणि लाइनमध्ये पाणी वेगळं करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवा. शंका आली तर तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर उभं ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल बोटीत घालू नका.

फायबर बोटीच्या फोर-स्ट्रोकला गाडीच्या पेट्रोल इंजिनाचं ऑइल का नको, असं बरेच जण विचारतात. इंजिन गाडीसारखंच आहे, खरं आहे. फरक चालण्यात आहे. गाडी हायवेला मधल्या फेऱ्यांवर सुखाने पळते. आउटबोर्ड एकतर मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांवर ओरडत असतं, नाहीतर डॉल्फिन दिसले म्हणून अर्धा अर्धा तास निष्क्रिय गतीवर घुटमळत असतं. या दुसऱ्या प्रकारात खरी गोम आहे. इंजिन थंड राहतं, न जळालेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली संपमध्ये उतरतं, हवेतली वाफ आतच पाणी होऊन बसते. मग सकाळी गेजपट्टी काढली तर ऑइल कालच्यापेक्षा वर! काही जण खूश होतात, की इंजिन ऑइल खात नाही. पट्टीला वास घ्या. पेट्रोलचा आला तर ते ऑइल पातळ झालंय, बदला. आणि रोज परतताना दहा-पंधरा मिनिटं जरा जोरात चालवा, म्हणजे इंजिन तापेल आणि वाफ निघून जाईल.

या इंजिनासाठी 'एफसी-डब्ल्यू' दर्जाचं ऑइल आहे. त्याच असोसिएशनचा दर्जा, आणि त्यात गंज रोखण्याची वेगळी चाचणी असते, जी गाडीच्या ऑइलला द्यावी लागत नाही. पाण्यामुळे फिल्टर तुंबतो का, फेस येतो का, हेही तपासतात. दाटपणा बहुतेकांना १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० लागतो, मर्क्युरीच्या बऱ्याच मॉडेल्सना २५डब्ल्यू-४० चालतं. पुस्तकातला आकडा घ्या. बदलायचं सुरुवातीला एकदा लवकर, नंतर दर १०० तासांनी, आणि तास झाले नसले तरी वर्षातून एकदा तरी. ड्रममधलं डिझेल ऑइल यात घालून बोट किनाऱ्याला आणता येईल, इंजिन बसणार नाही. पण मुक्कामाला ते नको.

दोन्ही आउटबोर्डांच्या खालच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं हे विसरू नका. ते खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की वरचा स्क्रू आधी लावायचा. वरून ओतलंत तर हवा अडकते आणि पातळी खोटी दिसते. काढलेलं ऑइल दुधी असेल तर सील गेलं. आणि स्क्रूचे छोटे वायसर दर वेळी नवे घाला. पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी गिअरचा खुर्दा झालेला पाहिलाय.

आता ट्रॉलर.

जुन्या सहा सिलिंडर डिझेलला १५डब्ल्यू-४०, दर्जा सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस (डिझेल ऑइलच्या डब्यावर लिहिलेली दर्जाची अक्षरं), हे पुरेसं आहे. सीके-४ मिळालं तरी चालतं. ते २०१६ च्या अखेरीस आलेलं, धूर गाळणाऱ्या नव्या ट्रकांना डोळ्यांपुढे ठेवून राख कमी ठेवलेलं. तुमच्या इंजिनाला तसला फिल्टर नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. जुने तांडेल दुकानात जाऊन "४० नंबरचं" मागतात, म्हणजे एकाच ग्रेडचं एसएई ४०. आकडा चुकीचा नाही. इंजिन तापल्यावर १५डब्ल्यू-४० आणि साधं ४० सारखंच दाट असतं, आणि डब्ल्यूच्या आधीचा १५ हा थंडीसाठी असतो, जी आपल्या किनाऱ्यावर पडतच नाही. अडचण अशी की ४० नंबरच्या नावाने बाजारात येणारं बरंचसं ऑइल जुन्या, कमी दर्जाच्या रसायनांचं असतं, काजळी धरून ठेवायची ताकद त्यात कमी. दिवसभर जाळं ओढणाऱ्या इंजिनात काजळी भरपूर होते. म्हणून दाटपणाच्या आकड्याआधी दर्जाची अक्षरं बघा.

बंदरात कधीकधी मोठ्या जहाजांचे ड्रम स्वस्तात फिरतात. "मरीन आहे, गाडीच्या ऑइलपेक्षा भारी" असं सांगून विकतात. ते घेऊ नका. जड इंधन तेलावर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनासाठी केलेल्या ऑइलचा टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची क्षमता, ३०-४० पर्यंत असतो, कारण त्या इंधनात गंधक खूप. सीआय-४ चा साधारण १० च्या आसपास. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १० भाग. त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. मारायला आम्लच नाही तर ती जास्तीची रसायनं जळून व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर थर धरतात.

प्रेशरचं बोलू. गरम इंजिन, निष्क्रिय गती, आणि काटा खाली, असं असेल तर २०डब्ल्यू-५० घातल्यावर काटा वर येणारच. दाट ऑइल बुशांच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगांच्या, फटीतून हळू सुटतं, त्यामुळे काटा चढतो. फट तशीच राहते. कारणं तीन-चार असू शकतात आणि ती वेगवेगळ्या किमतीची आहेत. पहिलं तपासा ते मीटर. बोटीच्या केबिनमधला विजेवरचा मीटर खारट हवेत खोटं बोलायला लागतो, म्हणून ब्लॉकवर थेट स्क्रूने बसणारा मेकॅनिकल गेज लावून वाचा. मीटर खरा निघाला तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय का ते बघा. एखादं नोझल टपकत असेल किंवा फीड पंपाचं डायफ्राम फाटलं असेल तर डिझेल संपमध्ये उतरतं, आणि ऑइलमध्ये पाच टक्के डिझेल गेलं तरी ४० चं ऑइल जवळपास ३० च्या पातळीला येतं. अशा इंजिनात ५० घातलं तर काटा ठीक दिसेल आणि डिझेल मिसळत राहील. मग एक दिवस बुश घासून क्रँक धरतो, तेही किनाऱ्यापासून लांब. तिसरं, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचं स्प्रिंग बसलंय किंवा खाली कचरा अडकलाय. हे सगळं नीट निघालं तरच बुश-बेअरिंगची झीज धरायची. तेव्हा हंगाम संपेपर्यंत ओढायला ५० घातलं तर माझी हरकत नाही, पण ते हिशेबाने घातलेलं असेल.

एक तपासणी घरी करता येते. टीपकागदाचा तुकडा घ्या, गरम इंजिनातून काढलेल्या गेजपट्टीचा एक थेंब त्यावर सोडा आणि कागद खालून कशाला न टेकता रात्रभर आडवा ठेवा. सकाळी थेंब पसरून वर्तुळं दिसतात. मधला काळा भाग कडेकडे हळूहळू फिका होत गेला असेल तर ऑइल अजून काजळी वाहून नेतंय. मध्ये डांबरासारखा ठिपका आणि त्याला चिरल्यासारखी कड, म्हणजे काजळी एका जागी साचतेय, ऑइल संपलं. सगळ्यात बाहेर फिकट पिवळसर कडं रुंद दिसलं तर डिझेल. नव्या ऑइलचा एक थेंब शेजारी टाकला तर फरक चटकन कळतो. नुसतं "काळं झालं" म्हणून ऑइल बदलू नका. डिझेलमध्ये चांगलं ऑइल लवकरच काळं होतं, ते त्याचं कामच आहे.

पाण्यासाठी दुसरी. जुना स्टीलचा चमचा स्टोव्हवर चांगला तापवा, बाजूला घ्या आणि त्यावर वापरलेल्या ऑइलचा एक थेंब सोडा. तडतडलं तर पाणी आहे. चेहरा लांब ठेवा, आणि हे बोटीच्या इंजिनघरात नाही, किनाऱ्यावर करायचं.

ट्रॉलरमध्ये पाणी बहुतेकदा ऑइल कूलरमधून किंवा हीट एक्स्चेंजरमधून येतं. आतल्या नळ्यांतून खारं पाणी जातं, आणि त्या नळ्या वाचवायला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. ते झिजून गेले की गंज नळीवर येतो. जस्ताचे तुकडे हंगामात एकदा तरी उघडून बघायचे, अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदलायचे. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळसर साय दिसली तर लगेच घाबरू नका, ती बऱ्याचदा नुसत्या वाफेची असते. पण गेजपट्टीवरच ऑइल चहाच्या रंगाचं झालं तर इंजिन बंद. गळती शोधा, ऑइल काढा, फिल्टर बदला, साधं स्वस्त ऑइल घालून थोडा वेळ बिनभाराचं चालवून तेही काढा, स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तेच. आणि हे त्याच दिवशी. खारं पाणी आत राहिलं तर बेअरिंगवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणूनच सिंथेटिकला मी नको म्हटलं. त्याचा फायदा कडक थंडीत सुरू करताना, खूप जास्त तापमानात आणि लांब अंतराने बदलण्यात. तुमच्या इंजिनात ऑइल बदलायची वेळ काजळीमुळे, डिझेलमुळे आणि पाण्यामुळे येते, आणि या तिघांपुढे महाग आणि साधं ऑइल सारखंच हरतं. साधं सीआय-४ घ्या आणि तासांच्या मीटरवर २५० तास, किंवा पुस्तकात कमी लिहिलं असेल तर तेवढे, झाले की फिल्टरसकट बदला. फिल्टर कंपनीचाच. नकली फिल्टरमध्ये कागद कमी आणि आतला बायपास व्हॉल्व्ह नावापुरता असतो. मग ऑइल न गाळताच फिरतं. ड्रम घेताना सील फोडलेलं नाही ना, बॅच नंबर आणि तारीख आहे ना, ते बघा. सुटं ऑइल घेऊच नका.

आता बदलायची वेळ. आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. बहुतेक जण काय करतात, मेअखेरीस बोट शाकारतात आणि ऑगस्टमध्ये बाहेर काढताना नवं ऑइल घालतात. नवीन हंगाम, नवं ऑइल, म्हणायला छान वाटतं. पण त्यामुळे हंगामभराची काजळी, आम्ल आणि पाणी घेऊन ते जुनं ऑइल भर पावसाळ्यात दोन महिने बुशांना लागून बसतं. उलट करा. शेवटची फेरी झाली की इंजिन गरम असतानाच ऑइल नि फिल्टर बदला, नवं ऑइल घालून दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे ते सगळीकडे पोचेल, हवेचं तोंड आणि एक्झॉस्ट बंद करा, आणि मग शाकारा. ऑगस्टमध्ये गेजपट्टी पाहा. रंग चांगला असेल तर तेच ऑइल पुढे चालवा. आउटबोर्डांना शाकारण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, पातीच्या टाकीतलं मिश्रण रिकामं करा.

गेजपट्टी बघायची ती नेहमी सारख्याच अवस्थेत. ट्रॉलरमध्ये इंजिन तिरकं बसवलेलं असतं, आणि बर्फ-डिझेल भरल्यावर बोट आणखी मागे बसते. रिकाम्या बोटीत बरोबर असलेली पातळी भरल्या बोटीत वेगळी दिसते. मग खलाशी वरून लिटरभर ओततो, क्रँक ऑइलमध्ये फेस करायला लागतो, आणि फेसामुळे पुन्हा प्रेशर पडतं. तुमच्या प्रेशरच्या तक्रारीत हेही एक कारण असू शकतं, म्हणून आधी लिहायला हवं होतं खरं तर.

ट्रॉलरच्या गिअरबॉक्सला ड्रममधलंच ऑइल घालायचं का, हे त्याच्या पाटीवर बघून ठरवा. काहींना इंजिन ऑइल लागतं, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल), आणि अदलाबदल केली तर क्लच घसरतो. काढलेलं ऑइल समुद्रात किंवा बोटीच्या तळातल्या पाण्यात सोडू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवं. घरात तीन-चार प्रकारची ऑइल होणार, तेव्हा डब्यांना वेगवेगळे रंग मारा. अंधारात पहाटे चारला डबा उचलणारा मुलगा अक्षरं वाचत बसत नाही.

आता मला एवढं कळवा: मेकॅनिकल गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर, निष्क्रिय गतीला आणि १५०० फेऱ्यांना प्रेशर किती येतं, आणि त्या दिवशी बोट भरलेली होती की रिकामी. टीपकागदाचा फोटोही पाठवा. मग बुशांचं बघू.